चिमुकल्या हातांना सणाचं काम

दोन वर्षांच्या मुलाला लक्ष्मीपूजन कोणत्या वारी आहे हे ठाऊक नसतं. मुहूर्त कळत नाही, नव्या कपड्यांची किंमतही कळत नाही. घरात काहीतरी वेगळं चाललंय, एवढं मात्र त्याला बरोबर कळतं. माळ्यावरचे डबे खाली आलेत, आजी जमिनीवर फतकल मारून काहीतरी मळतेय, बाबा स्टुलावर चढून दोरी बांधतोय, आणि एरवी ज्यांना हात लावू देत नाहीत अशा कितीतरी वस्तू आज हाताच्या अंतरावर आल्यात. मूल तिकडे धाव घेतं. बहुतेक घरांत नेमकं त्याच क्षणी त्याला उचलून आतल्या खोलीत नेतात, हाती मोबाइल देतात आणि सगळं मांडून झाल्यावर जरीचा कुर्ता चढवून फोटोपुरतं बाहेर आणतात.

मला हे फार चुकीचं वाटतं. एक ते तीन या वयात मुलाला मांडलेल्या सणाचं विशेष काही नसतं, त्याला मांडण्यात रस असतो. मळणं, ओतणं, चुरणं, पेरणं, फासणं, वेचणं, डबा भरणं आणि तो लगेच उपडा करणं हे त्याचे आवडते उद्योग. आपल्या सणांच्या तयारीत हे सगळे उद्योग आधीपासूनच आहेत. म्हणून या प्रकरणात विकत आणायचं सामान जवळजवळ नाही. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंतच्या पाच महिन्यांत घरात जे होतच असतं, त्यातलं कोणतं काम लहानग्याकडे सोपवावं, कसं सोपवावं आणि कुठे त्याचा हात धरून थांबवावं, एवढंच पाहायचं आहे.

आधी त्या हाताविषयी थोडं. वर्षाच्या आसपास मुलाला अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बारीक वस्तू धरता येते. दीड वर्षाचं मूल तीन-चार ठोकळे एकावर एक ठेवतं आणि खडू मुठीत धरून रेघोट्या ओढतं. दोन वर्षांचं झालं की सहा-सात ठोकळ्यांचा मनोरा होतो, दोन शब्दांची वाक्यं येऊ लागतात. पाहून गोल काढायला साधारण तीन वर्षं लागतात, कात्रीही त्याच सुमारास हातात बसू लागते. म्हणजे आकाशकंदिलाच्या करंज्या कापायला दोन वर्षांच्या मुलाला सांगण्यात अर्थ नाही. पण कागदाला खळ फासायला सांगितलं तर ते जीव ओतून फासेल. एका कामात त्याचं मन पाच-सात मिनिटं रमतं आणि मग उठून जातं. यात काही बिघडलेलं नसतं. अर्ध्या तासाने ते आपणहून परत येतं आणि तेच काम पुन्हा पहिल्यापासून करू लागतं. म्हणून साहित्य लगेच आवरून ठेवू नये.

घरातल्या, आसपासच्या वस्तूंमधूनच मुलाला काम देण्याचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम उभं केलं, त्यात अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मॉन्टेसरी पद्धतीची विकतची साधनं गावातल्या आणि पाड्यांवरच्या मुलांना परवडणं शक्यच नव्हतं. या दोघींनी आजूबाजूला जे होतं ते हाती घेतलं: शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या, माती. त्याच कामातून अंगणवाडीची कल्पना आकाराला आली. आज शहरातल्या घरात शिंपले नसतील, पण दिवाळीच्या आधी पोहे, कणीक, माती, पणत्या, फुलं आणि पाणी हे सगळं एकाच आठवड्यात घरात येतं. इतकं साहित्य वर्षात पुन्हा कधी एकदम येत नाही.

लहान मुलांसाठी म्हणूनच भरणारा एक सण विदर्भात आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. चाकांवर उभा असलेला लाकडी नंदी सजवून, त्याला दोरी बांधून मुलं तो चौकात ओढत नेतात. मोठी माणसं नंदीची पूजा करतात, मुलांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, ठेवतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून हे चालत आलं आहे. ज्याने कुणी ही रीत घातली त्याला लहान मुलाची नस बरोबर सापडली होती. दीड वर्षाच्या, नुकतंच चालण्यात स्थिर झालेल्या मुलाला मागे काहीतरी ओढत नेण्याचं वेड असतं. चालायचं, दोरी धरून ठेवायची, मागे वळून बैल येतोय ना ते बघायचं, आणि हे सगळं एकाच वेळी करायचं. त्याच्या शरीराला तेव्हा याच सरावाची गरज असते.

तुम्ही विदर्भात नसाल तरी तान्हा पोळा करता येतो. बुटांच्या खोक्याला दोरी बांधा, त्यावर मातीचा किंवा पुठ्ठ्याचा बैल बसवा. बैलाला झूल म्हणून जुन्या साडीचा तुकडा मुलालाच निवडू द्या. बैलाला खाऊ घालायला मूठभर गवत तोडून आणणं हाही अर्ध्या सकाळचा कार्यक्रम होतो. दोरी मात्र खेळ संपला की सोडून ठेवायची. गळ्याभोवती वेढा पडेल एवढी लांब दोरी एकट्या मुलाच्या हाती राहता कामा नये.

गणपतीत घरात शाडू आणलात तर लिंबाएवढा गोळा लहानग्याला द्या. त्याचा गणपती म्हणजे दोन बोटांची भोकं पाडलेला एक गोळा असेल. त्याला सोंड काढून देण्याचा मोह आवरा. तो गोळा वाळवा आणि काचेच्या भांड्यात पाणी घेऊन त्याच्यासमोर बुडवा. चांगला वाळलेला शाडू पाण्यात गेला की बुडबुडे सोडत कडांपासून ढासळू लागतो आणि बघता बघता तळाला चिखल होतो. ओला गोळा असा लवकर विरघळत नाही, म्हणून वाळवणं महत्त्वाचं. तोच चिखल काढून पुन्हा गोळा करता येतो. विसर्जन म्हणजे काय हे शब्दांत सांगण्याचं हे वय नाही, पण हातातली वस्तू पाण्यात जाऊन पुन्हा हातात येते हे त्याने पाहिलेलं राहील. भांडं असो की बादली, मूल पाण्याशी असताना मोठ्या माणसाने तिथून हलायचं नाही. वीतभर पाणीसुद्धा या वयाच्या मुलाचा जीव घेऊ शकतं.

आरतीत त्याच्या हाती टाळ द्या, झांज द्या, नाहीतर दोन वाट्या द्या. ताल चुकेल, आरतीच्या मध्येच थांबेल, संपल्यावर सुरू करेल. चालू द्या. गौरी येतात त्या दिवशी उंबऱ्यापासून आतपर्यंत पावलं उमटवायची असतात, तेव्हा तांदळाच्या पिठाची पातळ पेज ताटात घ्या आणि मुलाचे तळपाय त्यात बुडवून त्यालाच चालवा. फरशी निसरडी होते, म्हणून दोन्ही हात धरून चालवायचं. पावलं वेडीवाकडी पडतील, एखादं स्वयंपाकघराकडे वळेल. त्या घरातल्या गौरीला आणखी कोणती पावलं हवीत?

नवरात्रात भोंडल्याचा फेर धरतात. पाटावर हत्ती काढतात, भोवती गाणी म्हणत फिरतात. गोल फिरण्याची आणि तेच तेच ऐकण्याची मुलाला मुळातच आवड असते, त्यामुळे वेगळं काही करावं लागत नाही. कडेवर न घेता त्याला फेरात चालू द्यावं, एवढंच. पण भोंडल्यातला सगळ्यात सुंदर खेळ शेवटी येतो, खिरापत ओळखण्याचा. झाकलेला डबा हलवायचा आणि आवाजावरून आत काय ते सांगायचं. दोन वर्षांच्या मुलासाठी हाच खेळ नऊही दिवस घरी खेळता येतो. तीन सारखे डबे घ्या. एकात पोहे, एकात चमचा, एकात रुमाल. झाकण घट्ट लावा. हलवा, ऐका, उघडा, बघा. रुमालाचा डबा वाजत नाही याचं मुलाला जे आश्चर्य वाटतं ते पाहण्यासारखं असतं. दसऱ्याला आपट्याची पानं देणं-घेणंही त्याच्या आवडीचं. वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि परत मागायची, हा वर्षाच्या मुलाचा लाडका खेळ आहे. इमारतीतल्या चार घरी जाऊन पान द्यायचं काम त्याच्याकडेच द्या.

आता दिवाळी. तिच्याकडे जरा सावकाश पाहू, कारण तिच्याइतकी कामं दुसऱ्या कुठल्या सणात नाहीत.

महाराष्ट्रातली मुलं दिवाळीत किल्ला करतात. विटा-दगड रचायचे, वर गोणपाट टाकायचं, मातीचा चिखल थापायचा, आळीव किंवा मोहरी पेरायची आणि मग मावळे मांडायचे. जुलै २०२५ मध्ये शिवनेरी, राजगड, रायगड, सिंधुदुर्ग, तमिळनाडूतला जिंजी असे मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यामुळे आता मोठ्या मुलांचे किल्ले अधिकच हुबेहूब होऊ लागतील. ते छानच. पण धाकट्याला त्या किल्ल्याजवळ फिरकू देत नाहीत, कारण तो बुरुज पाडतो. मोठ्यांना राजगडाच्या तिन्ही माच्या हव्या असतात, धाकट्याला भुयार हवं असतं. म्हणून त्याचा किल्ला वेगळा करावा. एक घमेलं किंवा जुनी परात घ्या, खाली वर्तमानपत्र पसरा, अंगात जुने कपडे घाला.

माती आधी मोठ्यांनी चाळून घ्यायची, म्हणजे काच, तारा, काटे निघून जातात. मग कोरड्या मातीत मुलाला नुसतं खेळू द्या. कोरड्या मातीशी थोडी ओळख झाली की पेल्यातून थोडं थोडं पाणी त्यालाच ओतू द्या. कोरडी माती ओली कशी होते, किती पाण्याने गोळा होतो आणि किती पाण्याने नुसतं सरबट होतं, हे ज्ञान हातानेच मिळतं. वाटीत माती दाबून उपडी केली की बुरुज तयार. असे दहा बुरुज होतील आणि दहा पाडले जातील. भुयारासाठी पुठ्ठ्याची नळी आडवी ठेवून तिच्यावर माती थापायची. मग एका बाजूने गाडी घालायची, दुसऱ्या बाजूने काढायची. किल्ल्यावर मावळ्यांऐवजी हत्ती आणि बस उभी राहिली तरी हरकत नाही. रंगवलेले छोटे मावळे या वयाच्या हाती देऊच नयेत, ते सरळ तोंडात जातात.

पेरायला आळीवासारखं बी नाही. वाटीभर पाण्यात चमचाभर आळीव टाकून मुलाला दाखवा. थोड्या वेळात प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत, पारदर्शक वेष्टण तयार होतं. बोट घालून त्याला ते चाचपू द्या. मग तो चिकट गोळा मातीवर पसरायचा. दोन दिवसांत कोंब दिसतात आणि चार-पाच दिवसांत बोटभर हिरवळ उभी राहते. तेव्हा वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरणी करावी. रोज सकाळी पाणी शिंपडणं हे मुलाचं काम. पाणी एकदम ओतलं जाऊ नये म्हणून बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून द्या. महिने आणि वर्षं ज्याला कळत नाहीत त्याला चार दिवसांत उगवणारं रोप कळतं. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांनाही हे सहज जमतं. इंग्लंडमध्ये तर हेच आळीव मुलं खिडकीत ओल्या कापसावर उगवतात, त्यामुळे बी मिळायला अडचण नाही. मातीतून उठल्यावर साबणाने हात आणि नखं धुवायची, एवढी शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून.

फराळाचं काम कढईपासून दूर करायचं. तळण चालू असताना मुलाने स्वयंपाकघरात असूच नये, या बाबतीत सवलत नाही. पण चिवड्याचे पोहे चाळणं, शंकरपाळ्याची कणीक मळणं, बेसनाचे लाडू वळणं ही कामं गॅसपासून लांब, जमिनीवर बसून होतात. मुलाच्या वाट्याला आलेल्या कणकेचे दोन गोळे करा आणि एकात हळद घाला. मग चिमूटभर खायचा सोडा पाण्यात कालवून पिवळ्या गोळ्यावर टाका आणि त्यालाच मळू द्या. पिवळा गोळा लालसर होतो. त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. हळदीतलं रंगद्रव्य आम्ल-अल्कलीप्रमाणे रंग बदलतं, हे कारण त्याला दहा वर्षांनी शाळेत कळेल. आज त्याला जादू पुरे. बाजारात किंवा चित्रफितींत सांगतात तशी खूप मीठ घातलेली कणीक या वयाला देऊ नये. ती तोंडात गेली तर मीठ अंगाला अपायकारक होतं. साधी कणीक चिमूटभर तोंडात गेली तर सहसा काही बिघडत नाही, फक्त सोडा आणि लिंबाचा प्रयोग झालेला गोळा बाजूला ठेवावा.

शंकरपाळ्या कापायचं कातणं अडीच-तीन वर्षांच्या मुलाच्या हाती, आपला हात वर ठेवून, देता येतं. लाटलेल्या पोळीवर ते फिरलं की मागे नागमोडी रेघ उमटते, ती पाहून मूल थांबायचं नाव घेत नाही. त्याने कापलेल्या शंकरपाळ्या मोठ्या-लहान होतील. त्या वेगळ्या ताटलीत ठेवून तळा आणि पाहुण्यांना त्याच आधी द्या.

रांगोळीची भुकटी दगडाची असते. ती फुंकरीबरोबर उडते, नाकातोंडात जाते. लहानग्याला तिच्याऐवजी तांदळाचं पीठ द्यावं. अंगणात किंवा गॅलरीत खडूने मोठं वर्तुळ आखा आणि आत पीठ सोडायला सांगा. चिमटीतून पीठ सोडणं हे त्याला नुकतंच जमायला लागलेलं कसब आहे. दुसरा प्रकार फुलांचा. झेंडू सुटा करायला द्या. एक फूल हातात घेऊन त्याच्या पाकळ्या उपसण्यात मूल किती रमतं ते पाहा. मग केशरी पाकळ्या एका घरात, पिवळ्या दुसऱ्या घरात. मिसळल्या तर मिसळल्या. पणत्या रंगवायला गेरूचं पाणी आणि जाड कुंचला पुरतो. वाळल्यावर त्यावर तांदळाच्या पिठाचे ठिपके, कुंचल्याऐवजी बोटाने.

नरकचतुर्दशीच्या पहाटे मुलाला चार वाजता उठवून बसवायचा आग्रह मी धरणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप लागते, आणि सणाच्या गडबडीत चिडचिड होते ती बहुधा झोप मोडल्यामुळे. ते सात वाजता उठलं तर त्याचं अभ्यंगस्नान सात वाजता. उटणं त्याच्या अंगाला चोळण्याआधी आदल्या दिवशी हातावर थोडं लावून पाहावं, लाली आली तर नुसतं तेल पुरे. त्यापेक्षा मजेचं म्हणजे दुधात कालवलेलं उटणं त्याच्या हातात द्यावं आणि बाबाच्या पाठीला चोळायला सांगावं. रोज ज्याला दुसरे न्हाऊ घालतात त्याला एक दिवस दुसऱ्याला न्हाऊ घालायला मिळालं की त्याचा चेहरा बघावा.

कोकणात आणि गोव्यात त्या सकाळी तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट हे छोटं फळ फोडतात. पायाखाली काहीतरी फुटणं याहून मोठा आनंद दोन वर्षांच्या मुलाला माहीत नाही. एक सोडून चार कारिटं त्याच्यासाठी राखून ठेवा. गर फार कडू असतो, तो तोंडात जाऊ देऊ नये आणि पाय लगेच धुवावेत. गोव्यात आदल्या रात्री नरकासुराचे मोठमोठे पुतळे फिरवतात आणि पहाटे जाळतात. रात्री ढोलांच्या आवाजात, दिव्यांच्या उजेडात तो राक्षस पाहून लहान मुलं भेदरतात. त्यांना तो आदल्या दिवशी दुपारी दाखवावा, वाड्यावरची पोरं गवत भरत आणि कागद चिकटवत असतात तेव्हा. एखादा कागदाचा तुकडा त्यांनाही चिकटवू द्यावा. राक्षस कसा बनतो हे पाहिलेलं मूल त्याला कमी घाबरतं. पहाटेचे पोहे भिजवायचं काम मात्र हमखास त्यांचंच.

दिवे बघायला बाहेर पडायचं ते सहाच्या सुमारास, तिन्हीसांजेला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली होती, पण आवाज त्याआधीच सुरू होतात, तेव्हा सात वाजेपर्यंत घरी यावं. गल्लीतले कंदील बघत जायचं. लाल कुठे, हिरवा कुठे, चांदणी कुठली, गोल कुठला. त्या तासाभरात मूल जितके शब्द बोलेल तितके एरवी दिवसभरात बोलत नाही.

फटाक्यांबाबत मात्र मला स्पष्टच सांगायचं आहे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात फुलबाजी देऊ नका. तिचं टोक हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापतं आणि विझल्यावरही तार बराच वेळ पोळते. नागगोळी निरुपद्रवी वाटते, कारण ती वाजत नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांच्या धुरातले सूक्ष्म कण मोजले तेव्हा सगळ्यात वाईट नागगोळीच निघाली. लहान मूल मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने श्वास घेतं आणि त्याचं नाक जमिनीच्या जवळ असतं, हे ध्यानात ठेवा. कुठे भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, बर्फ काही लावू नका, आणि डॉक्टरकडे जा.

तेलाच्या पणतीची भीती वाटते म्हणून हल्ली घरोघरी विजेच्या पणत्या येतात. त्यांत बटणासारखा चपटा सेल असतो. तो गिळला गेला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही आत भाजून जखम करतो. ज्या पणतीचं झाकण स्क्रूने बंद नाही ती लहान मूल असलेल्या घरात आणू नये. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावं. फराळाच्या ताटातली जोखीम शेंगदाणे, डाळं, काजू आणि चारोळीची. अख्खे दाणे चार वर्षांच्या आत देऊच नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. म्हणून छोट्याचा चिवडा वेगळा, नुसत्या पोह्यांचा.

संक्रांतीला, आणि तिथून रथसप्तमीपर्यंत, लहान मुलाचं बोरनहाण होतं. आपल्याकडचा हा बहुधा एकमेव समारंभ असा आहे की ज्यात दीड-दोन वर्षांचं मूल खरोखरच मध्यभागी असतं. काळा कपडा, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून भांड्याने ओतलेली बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा. भोवतीची मुलं लुटायला धावतात. वरून काहीतरी पडणं आणि पडलेलं वेचणं ही दोन्ही कामं त्याच्या वयाची आहेत. त्याला पाटावर जखडून ठेवण्यापेक्षा पहिलं भांडं ओतलं की वेचायला मोकळं सोडा, हातात एक छोटी बरणी द्या आणि त्यालाही इतरांवर एक वाटी ओतू द्या. हलव्याचे दागिने फोटोपुरते घालून लगेच काढा, कारण दोरा तुटला की दाणे तोंडात जातात. याच कारणाने ओतायच्या सामानातून बोरं, हरभरे आणि गोळ्या-चॉकलेटं चार वर्षांपर्यंत वगळलेली बरी. भांडं भरून चुरमुरे, बिस्किटांचे छोटे पुडे आणि झेंडूच्या पाकळ्या घ्या. मुलाला बोरांचं काही वाटणार नाही. आजीला वाटलंच तर बोरं ताटात मांडून मोठ्यांना वाटा.

बोरनहाण साधारण पाचव्या वर्षापर्यंतच घालतात, म्हणजे हाताशी तीन-चार संक्रांतीच असतात. लुटायला मुलं बोलवाल तेव्हा मजल्यावरच्या ओळखीच्या घरांपाशी थांबू नका. इमारतीच्या वॉचमनचं मूल, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचं मूल, समोरच्या बांधकामावर वाळूत खेळणारी मुलं, या सगळ्यांना आदल्या दिवशी जाऊन आवर्जून सांगून या, आणि भांडं त्या हिशोबाने मोठं भरा.